मेघाच्या फोटोतली बादली

रवि., ५ जाने.

नांद्याला गायकवाड सरांकडे आमच्या फोटो ग्रुपची बैठक. टीव्हीवर सात फोटो. नियम नेहमीचाच: फोटो कुणाचा ते सांगायचं नाही, आणि ज्याचा आहे त्यानं बाकीच्यांचं बोलून होईपर्यंत गप्प बसायचं. नियम मीच घातलाय. नाहीतर प्रत्येक जण आपल्या फोटोचा वकील होतो.

माझी पद्धत ठरलेली. का.दि., का.अ., का.क. काय दिसतं, काय अडतं, काय करावं. उरवड्याच्या कारखान्यात सव्वीस वर्षं इन्स्पेक्शनला काढली. पार्ट हातात आला की पास, रिवर्क नाहीतर रिजेक्ट. 'छान आहे' असा शिक्का तिथे नव्हता. ग्रुपवर मात्र सगळ्यांना अंगठा आणि फुलं. फुलं वाहून कुणाचा फोटो सुधारलाय?

सरांचा खंड्या: शेपटीचं टोक कापलं गेलंय, सांगितलं. सरांनी वहीत लिहून घेतलं, मोठा माणूस. धरणावरचा सूर्यास्त: इतकं निळं पाणी मुळशीत मी जन्मात पाहिलं नाही. रंग निम्म्यावर आणा म्हटलं.

चौथा फोटो आमच्याच भाड्याच्या खोल्यांच्या गॅलरीचा. म्हणजे मेघाचा. वरच्या मजल्यावर कडेच्या खोलीत राहते, लातूरची, आयटीत आहे. का.दि.: कोवळं ऊन, दारांपुढे चपला, दोरीवर ओढणी, नळाखाली काठोकाठ बादली. फारच चांगलं. का.अ.: सगळं डावीकडे कललंय, दाराच्या चौकटी बघा. का.क.: सरळ करा, आणि पुढच्या वेळी कॅमेरा नीट धरा.

"काका, मी ट्रायपॉडवर..." एवढंच बोलली. मी हात वर केला. नियम म्हणजे नियम. मग चहा आला, तिचं ऐकायचं राहून गेलं.

मंगळ., ७ जाने.

मेघानं फोटो सरळ करून पाठवला. चौकटी ताठ. पास. लिहिलं, "आता बघ कसा उभा राहिला." २६ ला शाळेच्या हॉलात आमच्या ग्रुपचं प्रदर्शन, माणशी एक फोटो. हाच लाव म्हटलं.

"ओके काका." एवढंच. एरवी दोन ओळी तरी लिहिते.

गुरु., ९ जाने.

संध्याकाळी सौ.ची मालिका संपल्यावर प्रदर्शनाचे फोटो टीव्हीवर लावून बघत होतो. मेघाच्या फोटोत काहीतरी खटकतंय. बादली. पाणी डावीकडे काठाला टेकलंय, उजवीकडे बोटभर खाली. बादली सरळ आणि आतलं पाणी तिरकं.

पाणी तिरकं राहत नाही.

जुना फोटो काढला, मी रिवर्कला पाठवलेला. त्यात पाणी अगदी सपाट, आणि बादली कललेली. म्हणजे कॅमेरा नीट धरलेला होता. म्हणजे

शुक्र., १० जाने.

उजाडल्या उजाडल्या ओळंबा घेऊन गच्चीवर. कडेच्या भिंतीवरून सोडला. वर भिंतीला टेकतो, एक मजला खाली येईपर्यंत तीन बोटं लांब. दोरीला दोष दिला. दोरी बदलली. तीन बोटंच.

दिवाळीत मेघाचं दार बसत नव्हतं. "लाकूड फुगलंय" म्हणून मीच रंधा मारून दिला. खालच्या खोलीचं दार आपोआप उघडायचं, त्यांना वीट लावायला सांगितली. दोघांनी ऐकलं. खोलीमालकाशी कोण वाद घालणार.

सौ. जिन्यात उभी राहून बघत होती.

"भराव टाकला तवाच म्हणलं व्हतं, येक पावसाळा बसू द्या. भाताचं खाचर हाय ते."

"आठवतंय."

"तुमाला लई घाई. समदी बांधत्यात, आपुन मागं ऱ्हायचं न्हाई."

शब्द न् शब्द खरा. दुसऱ्याच्या कामातली केसाएवढी चूक पकडणारा मी, आणि स्वतःच्या घराला बारा वर्षांत एकदा ओळंबा लावला नाही. लाज वाटली. लिहून ठेवतो, म्हणजे उद्या नाकबूल करता येणार नाही.

रवि., १२ जाने.

बैठकीला जायच्या आधी मेघाला गाठलं.

"तुला माहीत होतं?"

"ट्रायपॉडला पाणसळ असते ना काका. बुडबुडा मध्ये होता. तेच सांगत होते त्या दिवशी."

"मग फोटो सरळ कशाला केलास?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून. आणि खोली तुमची आहे."

चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. साधंच बोलली, ते जास्त लागलं. मीच चुकलो, असं तिला स्पष्ट सांगितलं. प्रदर्शनात पहिलाच फोटो लाव म्हटलं.

"नको काका, अख्खं गाव येणार. मी फुलपाखरू लावते."

फुलपाखरू रिजेक्ट. फोकस पंखावर आहे, डोळ्यावर नाही. तसं सांगितलं. तेव्हा कुठे हसली.

बैठकीत नवा नियम घातला: शेवटी फोटोवाल्यानं बोलायचंच, आणि आम्ही ऐकायचं. सर म्हणाले, "इतकी वर्षं आम्ही हेच म्हणत होतो." म्हणत असतील. माझा हात वर असणार.

बुध., १५ जाने.

इंजिनिअर येऊन गेले. मेघाच्या खोलीच्या मागच्या भिंतीत एक भेग आहे, मी ती गिलाव्याची समजत होतो. तिच्यावर त्यांनी काचेची पट्टी आडवी चिकटवली. काच तडकली तर भिंत अजून सरकतेय. शाबूत राहिली तर बसायची तेवढी जमीन बसली, मग पायाला आधार देऊन निभेल.

"आणि तडकली तर?"

"मग पाडायचं बोलू."

तोवर कडेच्या खोल्या, खालची आणि वरची, रिकाम्या करायच्या. खालच्यांची सोय चुलतभावाकडे लावली. मेघाला सौ.नं आमच्या पुढच्या खोलीत आणलं. इंजिनिअरनं बाकीच्यांना राहू द्या म्हटलंय, तरी प्रत्येक दारात जाऊन खरं काय ते सांगितलं. एक जोडपं महिनाअखेर जातो म्हणालं. जा म्हटलं, मी असतो तर गेलो असतो.

मेघा रोज कामावर जाण्याआधी काचेचा फोटो काढणार आहे. ट्रायपॉडची जागा फरशीवर खडूनं आखली, उंची ठरवली. मी न सांगता. पोरीच्या हाताला इन्स्पेक्शनची शिस्त आहे.

मंगळ., २१ जाने.

काच शाबूत. रोज तिचा फोटो येतो, मी खाली लिहितो: का.दि., काच. का.अ., काही नाही.

रवि., २६ जाने.

झेंडावंदन झाल्यावर प्रदर्शन. मेघाचा फोटो मी स्वतः टांगला, चौकट पाणसळीवर तपासून.

गर्दी बरी. सरांच्या खंड्याला आता शेपूट आहे. मेघाच्या फोटोपुढे किसन सुतार कंबरेवर हात ठेवून उभा राहिला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अण्णा, तुमी असताना ह्यो वाकडा फोटू कसा काय पास झाला?"

लोक हसले. मेघानं माझ्याकडे पाहिलं.

"फोटू सरळ हाय, किसन," मी म्हणालो. "घर वाकडं हाय. माझं."

हसू थांबलं. लोक पुढच्या फोटोकडे सरकले. वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं.

पांगापांग होताना किसन परत आला. त्यानंही त्याच साली खाचर बुजवून खोल्या काढल्यात. या वेळी आवाज खाली.

"अण्णा, वळंबा हाय का मोकळा?"

दिला. तो आणून देईपर्यंत आणखी दोघं मागून गेले.

शुक्र., ३१ जाने.

सकाळचा फोटो आला. पाणसळ बरोबर, उजेड रोजचाच, फोकस चोख. फोटो म्हणून पास.

का.दि.: काचेवर उजवीकडे एक बारीक रेघ. काल नव्हती. केस असेल, कोळ्याची तार असेल.

मोठं करून बघितलं, नुसते ठिपके दिसतात. मेघानं खाली काहीच लिहिलेलं नाही. आधी माझं बोलून होऊ देतेय. ती दारात बूट घालून उभी आहे, कामावर निघायचं सोडून.

का.अ.: सांगता येत नाही. फोटोवरून हे सांगता येत नाही, असं मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितोय.

का.क.: वर जाऊन पुसून बघायचं. सौ.नं फडकं ओलं करून हातात दिलंय.