गुरुवारचा पिझ्झा, रविवारची ग्रेव्ही

प्रॉव्हिडन्स,
१९ ऑक्टोबर

तीर्थरूप असुंताताईच्या चरणी धाकट्या ऑटाव्हियोचा, कंबर परवानगी देईल तेवढा वाकून, नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. ‘मेला असशील तर तसं कळव’ ही त्यातली सूचनाही पोचली. मेलेलो नाही. उत्तराला आठ महिने लागले याबद्दल माफी असावी. तुझं ब्लडप्रेशर आता कसं आहे? घरामागच्या तळ्यातली मगर अजून तिथेच आहे, की तुझा आवाज ऐकून तिने बिऱ्हाड हलवलं? फ्लोरिडाच्या उन्हात तुझे सांधे मोकळे झाले असं आमची डोना म्हणत होती, ऐकून बरं वाटलं. (पोरगी आपल्या आईला दिवसातून दोनदा फोन करते आणि मला आठवड्यातून एकदा, तोही आईला फोन द्या असं सांगायला.) इकडे आम्ही दोघं ठीक आहोत, असं पत्रात लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. आता खरं काय झालं ते सविस्तर सांगतो, तेव्हा कॉफी करून बस.

फेब्रुवारीत मी चर्चच्या पायऱ्यांवर पडलो. प्रार्थना करून, पापं धुऊन नुकताच बाहेर आलो होतो. (आत जाताना पडलो असतो तर देवाचं म्हणणं मला समजलं असतं.) बर्फावरून पाय घसरला आणि डोक्याची मागची बाजू लोखंडी कठड्यावर आपटली. तीन टाके पडले. फोटो काढून डॉक्टर म्हणाले, डोक्यात काही नाही. योलांडा म्हणाली, हे मला बावन्न वर्षांपूर्वी लग्नातच कळलं होतं, त्याला फोटो कशाला. आठवड्याने टाके काढले आणि प्रकरण मिटलं असं आम्ही समजलो. मग एका सकाळी योलांडाने कढईत तेल, लसूण आणि मिरच्या टाकल्या आणि काही आणायला ती तळघरात गेली. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. खेळाचं पान संपेपर्यंत घरभर धूर झाला. शेजारचे मिस्टर कोएल्हो दार उघडून आत आले, गॅस बंद केला आणि माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्या धुरातच वाढलोय. मला धूर दिसत होता, ताई. चष्मा खराब झालाय असं वाटलं. वास मात्र काडीचाही आला नाही.

नाकाच्या डॉक्टरने समजावलं की आपटल्यामुळे वासाच्या बारीक शिरा तुटल्यात. वर्षभरात जुळतील, नाहीतर नाही जुळायच्या. जिभेला म्हणे खारट, गोड, आंबट, कडू एवढंच कळतं, बाकीची सगळी चव म्हणजे नाकाची मेहनत. चौऱ्याहत्तराव्या वर्षी हे कळलं. आईच्या ग्रेव्हीचं श्रेय मी जन्मभर चुकीच्या अवयवाला देत आलो होतो. (टोमॅटोत मांस तासन्‌तास शिजवलेल्या त्या रश्श्याला तुमच्या फ्लोरिडात सॉस म्हणतात म्हणे. म्हणोत बापडे.)

हे मी कुणालाही सांगितलं नाही. का, ते तुला सांगायला नको. बाबा एकदा जेवताना ‘आज जरा सपक झालंय’ एवढंच म्हणाले होते आणि त्यापुढे ईस्टर येईपर्यंत आईने त्यांना उकडलेल्या घेवड्यावर ठेवलं होतं. त्या घरात वाढलेला माणूस बायकोला ‘मला चव लागत नाही’ असं तोंडावर सांगेल कसा? तेव्हा मी रविवारी ताटावर बसायचो, योलांडा समोर उभी राहून विचारायची, कशी झालीय? मी म्हणायचो, नेहमीसारखी. ती पुन्हा विचारायची, अगदी नेहमीसारखी? मी म्हणायचो, तंतोतंत. पूर्वी ती असं दोनदा विचारत नसे, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

दुसरी अडचण गुरुवारची. उंबेर्तो पिचोटी तुला आठवत असेलच, कोपऱ्यावरचा न्हावी, ज्याने तुझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी तुझा एक कान उघडा टाकला होता. त्याची बायको गेल्यापासून, म्हणजे सव्वीस वर्षं, आम्ही दर गुरुवारी दुपारी एका पिझ्झाच्या किंवा बर्गरच्या दुकानात जातो आणि त्यावर पुढच्या गुरुवारपर्यंत भांडतो. डेला कोर्टेच्या बेकरीतले पिझ्झाचे पट्टे, म्हणजे चीज नाही, गरम नाही, जाड पोळीवर नुसता लाल टोमॅटो, हे जगातलं पहिल्या क्रमांकाचं अन्न आहे असं माझं मत. निखाऱ्यावर भाजलेल्या, कडा करपलेल्या पिझ्झासाठी तो पिचेर्नोच्या दुकानाचं नाव घेतो. बर्गरच्या बाबतीत आमचं एकमत आहे, नदीपलीकडे मिसेस टव्हारेस. सहा स्टुलं, एक तवा, आणि कांदा मांसाच्या गोळ्यात असा दाबून बसवलेला की दोघांना वेगळं करायला कोर्टात जावं लागेल.

आता नाक नसलेल्या माणसाने यात मत कसं द्यायचं? पिचेर्नोकडे मी नेहमीच्या सवयीने म्हणालो, आज ओरेगानो छान उतरलाय. पिचेर्नो बिचारा लाल झाला. ओरेगानो आदल्या दिवशीच संपला होता, मी टोमणा मारला असं त्याला वाटलं. त्याने आमच्या टेबलावर फुकटची वाइन पाठवली. मिसेस टव्हारेसकडे मी कांद्याची तारीफ केली, त्या दिवशी कांदा नव्हता. त्यानंतर मी शहाणा झालो आणि बोलणंच सोडलं. घास घ्यायचा, डोळे मिटायचे, सावकाश मान हलवायची. परिणाम असा झाला की माझा दबदबा वाढला. सत्तर वर्षं बडबड करून जी किंमत मिळाली नाही ती तीन महिने गप्प बसून मिळाली. ऑगस्टच्या जत्रेत ग्रेव्हीची स्पर्धा होती, तिथे फादर लिओंनी स्वतः येऊन मला परीक्षक व्हायची विनंती केली. मी नको म्हणालो, तर तो विनय ठरला.

अकरा पातेली होती, नावं नाहीत, नुसते आकडे. परीक्षक तिघं: फादर, उंबेर्तो आणि मी. मी आपला दाटपणा बघितला, मीठ बघितलं, मांस हाडावरून सुटतंय का ते बघितलं आणि सात नंबरला पहिला क्रमांक दिला. त्या दोघांनी सात नंबरला शेवटचा दिला. मी भांडलो. फादरना म्हणालो, तुम्ही आयरिश, तुम्हाला काय कळतंय. उंबेर्तोला त्याहून वाईट बोललो. दोन विरुद्ध एक, बक्षीस चार नंबरला गेलं. ते पातेलं डेल सांटोंच्या सुनेचं, मॉरीनचं निघालं, आणि तिने बक्षीस घेताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं की तिने बाजारच्या सॉसच्या सहा बाटल्या उघडून नुसत्या गरम केल्या होत्या. सभागृहात जे काही झालं ते मी तुला लिहीत नाही, त्यातले काही लोक अजून रोज भेटतात. मग सात नंबरचा कागद उलटला. त्यावर योलांडाचं नाव होतं.

बायका रुमालाने डोळे पुसायला लागल्या. मला वाटलं, तिच्यावर अन्याय झाला म्हणून. घरी येताना योलांडा एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, रागावलीय. मी गाडीत त्या दोन परीक्षकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो आणि ती खिडकीबाहेर बघत होती.

पुढच्या गुरुवारी उंबेर्तो मला मिसेस टव्हारेसकडे घेऊन गेला. बर्गर समोर आला तरी त्याने हात लावला नाही. नुसता कागदी रुमालाची घडी करत राहिला. शेवटी म्हणाला, “टाव्हियो, त्यात दालचिनी होती. केकमध्ये घालतात तेवढी. लसूण नव्हता, बेसिल नव्हतं. ईस्टरपासून तुझ्या घरी हेच चाललंय. डोनाला माहीत आहे, फादरना माहीत आहे. आम्हाला वाटलं, तुलाही माहीत आहे आणि तू तिच्यासाठी मुकाट्याने गिळतोयस. सगळी गल्ली तुला संत म्हणते रे.”

ताई, मी संत नव्हतो, मला सर्दी झाल्यासारखं होतं एवढंच. मी त्याला नाकाचं सांगितलं. तो हसायला लागला, मग त्याचं हसणं थांबेना, आणि मग ते हसणं नव्हतंच. मिसेस टव्हारेसनी येऊन विचारलं, बर्गरमध्ये काही बिघडलंय का. आम्ही दोघांनी नाही म्हणून माना हलवल्या. फेब्रुवारीतली ती कढई मला तिथे आठवली. इतके महिने मी त्या धुरात फक्त माझं नाक शोधत होतो. कढई गॅसवर ठेवून योलांडा तळघरात का गेली होती आणि खाली अर्धा तास काय करत होती, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

घरी आलो तर ती स्वयंपाकघरात होती. मसाल्यांच्या सगळ्या बाटल्या टेबलावर ओळीने मांडलेल्या, आणि एकेक उचलून ती नाव वाचत होती, शाळेतली मुलगी वाचते तसं. मला बघून म्हणाली, आज गुरुवार ना, काय खाल्लंस. मी खुर्चीवर बसलो आणि सांगून टाकलं. पडल्यापासून मला कसलाही वास येत नाही, कसलीही चव लागत नाही, तुझ्या ग्रेव्हीची नाही, कशाचीच नाही. मला वाटलं चिडेल. तिच्या दुसऱ्या हातात डाव होता, मी जरा मागेही सरकलो. ती चिडली नाही. डाव खाली ठेवला आणि म्हणाली, “मग मला दर रविवारी चांगली झालीय म्हणून कोण सांगत होतं?”

तीच पुढे म्हणाली, “मला शंका यायची रे. डोनाचा चेहरा पडायचा. पातेल्यासमोर उभी राहिले की पुढचं काहीच आठवायचं नाही, हाताला येईल ते टाकायचे. पण म्हणायचे, टाव्हियो खातोय ना. टाव्हियो नेहमीसारखी म्हणतोय, म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे.”

सप्टेंबरमध्ये डोनाने तिला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले. त्यांनी विस्मरणाच्या आजाराचं जे नाव सांगितलं ते तुला डोना फोनवर सांगेल, मला लिहवत नाही. गोळ्या दिल्यात. त्या रोज आठवणीने घ्यायच्या आहेत, हे डॉक्टर अजिबात न हसता म्हणाले. चांगला माणूस आहे, पण मी त्याच्या तोंडात मारली असती.

आता रविवारी आम्ही दोघं मिळून उभे राहतो. नाक तिचं अजून पक्कं आहे. लसूण तांबूस झाला की ती लगेच सांगते, ओढ बाजूला. पण त्यानंतर काय टाकायचं ते तिला आठवत नाही, आणि मी बावन्न वर्षं त्या खोलीत फक्त खायला गेलो. पहिल्या रविवारी आम्ही मांस आधी शिजवलं, दुसऱ्या रविवारी नंतर, तिसऱ्या रविवारी मांस टाकायचंच राहिलं. उंबेर्तो येतो, तिन्ही वेळा दोनदा वाढून घेतलं त्याने. (या वेळी संत तो आहे, त्याचं नाक शाबूत आहे.) गेल्या रविवारी तिने माझ्या पाठीवर पिठाचा हात मारला, म्हणाली, तू लग्नाच्या वेळीच शिकला असतास तर आज आपली ही फजिती झाली नसती. आणि दोघंही हसलो. हसण्याला काही झालेलं नाही, ते व्यवस्थित चालू आहे. पुढचं तू डोनाकडून ऐकशीलच.

तब्येतीला जप. मगरीला दगड मारू नकोस.

तुझा धाकटा,
ऑटाव्हियो

ता. क. : खरं म्हणजे हे पत्र एवढ्यासाठीच लिहिलं. लग्नानंतर योलांडाला आईची ग्रेव्ही तूच शिकवलीस. माहेरची, वेगळ्या चवीची सवय तिच्या हातातून काढायला तुला दोन वर्षं लागली होती. त्या ग्रेव्हीची कृती मला लिहून पाठव. मोठ्या अक्षरांत, पहिल्यापासून, आधी काय, नंतर काय, किती मिनिटं. लसणाच्या पाकळ्या मोजून लिही, मीठ चमच्याने मोजून लिही. ‘चवीपुरतं’ असं कुठेही लिहू नकोस.

ता. क. २ : कुणाला लिहितोयस, असं योलांडाने आत्ताच येऊन विचारलं. तुझं नाव सांगितलं तर म्हणाली, गेरार्डोभावोजींचा गुडघा कसा आहे ते नक्की विचार. भावोजींना जाऊन चार वर्षं झाली, हे या महिन्यात मी तिला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं रडली. तिसऱ्यांदा सांगायची माझ्यात ताकद नाही. तू फोन केलास आणि तिने विचारलं, तर म्हण, आता दुखत नाही. ते काही खोटं नाही.