आठ गहाणखतं, एक नाला

मावशी, तू गेलीस त्याला आता बरेच उन्हाळे झाले. आज ओट्यावर चहा घेऊन बसलो आणि तुला पत्र लिहावंसं वाटलं. चिखलीचा तो सावकार धंदा आवरून लेकाकडे निघाला होता, आठवतं? आठ जणांनी त्याच्याकडे मळे गहाण ठेवलेले. ती गहाणखतं तो एकगठ्ठा विकत होता. घेईल त्याला पुढचे हप्ते मिळणार. शाळेतून निवृत्त होताना मिळालेला सगळा पैसा तू त्यात घालायला निघालीस. गणिताची बाई तू! आठातले दोघं बुडतील, सहा फेडतील, असा हिशेब धरून तू भाव काढलास आणि मला त्यांच्या विहिरी पाहायला पाठवलंस. मी कसल्या आठ पाहतोय! पहिल्याच विहिरीत पोरं पोहत होती, मीही उडी घेतली. संध्याकाळी आलो तर तू चुलीपुढे भाकरी थापते आहेस.

"किती पाह्यल्या?"

"एक."

"एक! दिवसभर म्हशीवानी डुंबून राह्यला होता काय रे?"

"हाव. पण मावशे, वरच्या मळ्यात इंजिन सुरू झालं का खालच्या विहिरीची पायरी उघडी पडते. पोरं म्हनत, आठही मळे एकाच नाल्याकाठी. साऱ्यायचं पानी एकच."

तुझा हात थांबतो. तव्यावरची भाकरी करपते. "मंग दोघंच काऊन बुडतीन? नाला आटला तं आठही संगंच जातीन."

दुसऱ्या दिवशी तू सावकाराला निम्मा भाव सांगितलास, तोही तीनच गहाणखतांचा. तो चिडला, "बाई, पोरगं पोहून आलं त्यावर भाव ठरवता?" तू म्हणालीस, "तुमी तरी उतरले होते काय कधी विहिरीत?" कुरकुरत दिली त्यानं. उरलेल्या पैशात तू जळगाव जामोदकडची, सातपुड्याच्या पायथ्याची, वेगळ्या पाण्यावरची तीन घेतलीस. पुढे नाला आटला, चिखलीचे हप्ते थांबले. तिकडचे मात्र येत राहिले. शेवटपर्यंत तू कोणापुढे हात पसरला नाहीस, वर माझ्या भटकण्यालाही पैसे पुरवलेस.

आता मेहकरात माझंही घर झालंय, तेच गहाण ठेवून. कर्ज देणाऱ्यानं भिंती ठोकून पाहिल्या, छप्पर पाहिलं, माझ्याकडे काही पाहिलं नाही. बायको म्हणते, आता तरी टिकाल एका जागी. मी हाव म्हणतो, आणि खरंच सुखात आहे. हे पत्र कुणाच्या हाती पडायचं नाही, म्हणून तुलाच सांगतो: एसटीचा हॉर्न वाजला की पाय अजून उंबऱ्याबाहेर पडतो. माझं गहाणखत तुझ्यापुढे आलं असतं, तर तू ते भाव पाडूनच मागितलं असतंस, आणि मी हुज्जत घातली नसती.