बटण किती वाजता दाबलं

बाबा, तुमची नात उद्या गढवालला निघाली आहे आणि जाता जाता माझ्यापुढे एक फॉर्म टाकून गेली आहे. बीकनचा फॉर्म. तोच तो पिवळा डबा, पंजात मावणारा. अँटेना वर काढायची, बटण दाबायचं, की उपग्रहामार्फत कंट्रोल रूमला कळतं, अमुक ठिकाणी माणूस संकटात आहे. फॉर्मच्या शेवटी रकाना असतो, अशा वेळी फोन कोणाला करायचा. तिथे तिने माझा नंबर घातलाय आणि शेजारी पेन्सिलीने लिहिलंय, 'सही कर ना यार.' आईला यार! तुम्ही असतात तर तिला अर्धा तास समोर बसवून मराठी शिकवली असतीत. सहीला पेन उचललं आणि तुम्हांलाच लिहीत बसले.

कोपर्निकस मार्गावरच्या सरकारी अतिथिगृहात, त्या चौकशीच्या टेबलावर तुमची उभी नोकरी गेली. दुसरी रिंग व्हायच्या आत फोन उचलायचा आणि समोरच्याचं समाधान होईल असं काहीतरी सांगायचं. साहेब वर झोपलेले असले तरी तुमच्या तोंडून ते 'आत्ताच बाहेर पडले' असायचे. मी हसायचे, तर म्हणायचात, याला खोटं म्हणत नाहीत, याला व्यवस्था म्हणतात. रिटायर होऊन गुरगावला आलो, सोसायटीत लिफ्ट अजून बसायची होती, पाणी टँकरने यायचं, पण फोन मात्र तुम्ही पहिल्या आठवड्यात लावून घेतलात. आणि घरचा फोनही उभं राहूनच घ्यायचात.

त्याच गुरगावात एका नव्या कंपनीत मी हे बीकन विकायला लागले. गिऱ्हाइकाला रोज तेच समजावायचे: बटण पुष्कळदा चुकून दाबलं जातं, म्हणून कंट्रोल रूम आधी घरी फोन करून विचारते, माणूस खरंच डोंगरात आहे का? तेव्हा घरच्यांना सगळं खरं सांगून जा. लोकांना सांगत होते हो. आपल्या घरी काय चाललं होतं? मानेसरच्या कारखान्यातल्या इंजिनिअरचं स्थळ आलं होतं. त्याचे आईवडील नागपूरहून यायचे होते, आधी घर-माणसं बघू, मुलीला नंतर बघू म्हणत. आणि नेमकी त्याच आठवड्यात माझी रजा मंजूर झालेली, मैत्रिणीबरोबर बेत ठरलेला. जाऊ नकोस, पडशील-बिडशील, असं तुम्ही रोज सांगत होतात, पण मी काही बेत मोडणार नव्हते. मुलगी मैत्रिणीला घेऊन बर्फात हिंडते, हे काही त्यांना सांगता येईना. मग ठरलं की मी पुण्याला मावशीकडे आहे. मीही म्हटलं, चलो, एवढंच ना.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आई दशम्या लाटत होती. मी ओट्यावर बीकन ठेवून तुम्हांला दाखवलं, तुमचा नंबर दिलाय म्हणून सांगितलं. तुम्ही डब्याला हातसुद्धा लावला नाहीत. दाराशी उभे राहून म्हणालात, "याच्यापायी माझ्या घरी फोन वाजला, तर पुन्हा माझ्याशी बोलू नकोस." मी काहीतरी उद्धट बोलले असणार, आता आठवत नाही. सकाळी बस अड्ड्यावर तुम्ही न बोलावता आलात, दशम्यांचा डबा हातात, वर दोनदा सुतळी बांधलेली. "आईने दिलाय," म्हणालात. जास्तीच्या दशम्या करायला तुम्हीच लावल्या होत्यात, हे मला नंतर कळलं.

पडले ती शनिवारी. गोठलेल्या ओढ्यावर पाय सरकला, डाव्या पायाचं हाड मोडलं आणि तोच पाय बूट-मोज्यासकट पाण्यात गेला. मैत्रिणीने मला ओढून खडकाच्या आडोशाला बसवलं, बीकन हातात दिलं, आधी हे दाब म्हणाली आणि मदत आणायला खालच्या गावाकडे पळाली. तिला यायला दुसरा दिवस उजाडला, कारण दुपारनंतर बर्फ पडायला लागला आणि वाटच बंद झाली.

इकडे घरी पाहुणे बसलेले. तुम्ही त्यांच्यासमोर फोन उचललात. आईने मला हे इतक्यांदा सांगितलंय की मी तिथेच होते असं वाटतं. पलीकडून कोणी विचारतोय, आपकी बेटी इस समय कहाँ है? आणि तुम्ही ताठ उभे, चौकशीच्या टेबलावरच्या त्या आवाजात सांगताय, "जी, पुणे में है, मौसी के यहाँ. बिल्कुल ठीक है." तो म्हणाला, अच्छा, तो फिर गलती से दब गया होगा, आणि फोन बंद. तुम्ही येऊन बसलात, चिवड्याची बशी पाहुण्यांपुढे केलीत. बऱ्याच वेळाने बशी तशीच टेबलावर ठेवून उठलात आणि माझ्या ऑफिसचा नंबर फिरवलात. पाहुण्यांच्या देखत म्हणालात, "मुलगी पहाडात आहे. मी खोटं बोललो." ऑफिसने कंट्रोल रूमला गाठेपर्यंत एक तास गेला होता. तेवढ्यात ढग उतरले, हेलिकॉप्टर दुसऱ्या सकाळी आलं. पाहुणे चहा न घेताच गेले.

डाव्या पायाची तीन बोटं काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर वाचली असती. ते 'थोडं' तुम्ही उचललंत आणि मरेपर्यंत खाली ठेवलं नाहीत. 'माझा तो एक तास,' म्हणायचात. पहाडगंजच्या मोच्याकडून माझा डावा बूट पुढे कापूस भरून करून आणायचात, दरवर्षी, स्वतः जाऊन. पुढे मी माझ्या पसंतीने लग्न केलं, त्याला पहिल्याच भेटीत पाय दाखवला, तो हसला आणि मीही हसले. तुम्ही मात्र त्या पायाकडे बघून कधी हसला नाहीत. आणि फोन उचलणं सोडलंत. वाजत राहायचा, तुम्ही शेजारी बसून आईला हाक मारायचात. मला ते बघवत नसे, बाबा. तरी मी गप्प राहिले.

कारण मी पडले सकाळी नऊला आणि बटण दाबलं तीनला. सहा तास. मैत्रिणीला मान डोलावून हो म्हटलं आणि ती वळणाआड गेल्यावर बीकन मांडीवर ठेवून तुमच्या दशम्या खात बसले. तुमचा एक तास आणि माझे सहा. तुमचा तास मोजला जात होता तेव्हा माझे मी लपवून ठेवले. मनाची समजूत घालत आले की सांगितलं तर का थांबलीस विचाराल, मग तुमचं ते दारातलं वाक्य निघेल आणि एक ओझं उतरवून दुसरं चढवल्यासारखं होईल. ऐकायला किती समजूतदार वाटतं.

नातीला आज सांगितलं, आधी दाब, भांडण मागाहून करू. तिने विचारलं, तू लगेच दाबलं होतंस ना? मी हो म्हटलं. तुमचीच मुलगी, दुसरं काय. फॉर्मवर सही केली आहे. हा कागद तुम्ही जपलेल्या माझ्या बुटांच्या पावत्यांत ठेवून देते. तेवढं एक राहिलं. दारातल्या त्या वाक्याला घाबरून नव्हते हो थांबले. तुम्ही माझ्याशी बोलल्याशिवाय राहणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. 'मी सांगत होतो ना' हे तुमच्या तोंडून ऐकायचं नव्हतं, एवढंच. आणि तुम्ही ते शेवटपर्यंत एकदाही म्हणाला नाहीत.