राखीव आवाज

२८ सप्टेंबर, रविवार
आजपासून रोज लिहायचं. मदर आसुन्ता म्हणायच्या, रोजनिशी लिहिणाऱ्या मुलीचं मन इस्त्रीच्या कपड्यासारखं राहतं. शाळा सोडून पंचेचाळीस वर्षं झाली. सुरुवात जरा उशिरा होते आहे, इतकंच.
मोठी बातमी. रेन्सोचा फोन आला. रेन्सो आता किनारा चषक या कॉम्प्युटर गेमच्या स्पर्धेचा आयोजक आहे. पूर्वी शाळा बुडवून आमच्या सायबर कॅफेत खेळत बसायचा आणि मी माइकवरून त्यांच्या मॅचचं वर्णन करायची. म्हणाला, "मावशी, तुमच्या आवाजाशिवाय स्पर्धा म्हणजे लिंबाशिवाय माशाचं सेविचे. महिनाभर कॉमेंट्री करा ना. मानधन नाही हं, पण नाव होईल. आणि फायनलला स्टेडियममध्ये स्टेजवर तुमची खुर्ची पक्की."
विचार करून सांगते म्हटलं. चार सेकंद विचार केला.
संकल्प: थंड पाणी बंद. सकाळी आलं आणि मध. लेकीशी, मिलुस्काशी, फोनवर भांडायचं नाही (घसा).

३० सप्टेंबर
किरकोळ बदल. मुख्य कॉमेंटेटर पुमा नावाचा मुलगा. वय तेवीस, चाहते दोन लाख. मी राखीव. त्याचं नेट गेलं किंवा घसा बसला, तर क्षणात माझा आवाज जोडणार. ऐन वेळी मी तयार हवी, म्हणून प्रत्येक मॅच मी पहिल्यापासून शेवटपर्यंत घरूनच, एका वेगळ्या वाहिनीवर बोलत राहायची. त्या वाहिनीचा पत्ता कोणाला द्यायचा नाही. प्रेक्षक गोंधळतात.
केवढी जबाबदारी! असं काम विश्वासातल्या माणसालाच देतात.

३ ऑक्टोबर
आवाज नीट जातो का ते बघायला पुढच्या खोलीत नवऱ्याच्या, तेओफिलोच्या, सात नंबरच्या मशीनवर वाहिनी लावून पाहिली. जातो. मशीनचा आवाज तेवढा बंद केला, नाहीतर घुमतो. मशीन मात्र चालूच ठेवली. कॅफे बंद होऊन चार वर्षं झाली, तेओफिलो जाऊन तीन. त्या खोलीत काहीतरी गुणगुणत असलं की बरं वाटतं.
रेन्सोच्या माणसाची यादी आली. काळा टी-शर्ट (स्वतः आणायचा), माइकजवळ खाणं नाही, तालमीला चार तास हजेरी. ऑक्टोबर प्रभूच्या मिरवणुकीचा, म्हणून हा महिना मी जांभळा झगा घालते, लग्नाआधीपासूनचं व्रत आहे. प्रभूची क्षमा मागून काळा आणला.

४ ऑक्टोबर, शनिवार
पहिला दिवस. तीन मॅच, सहा तास. खेळ तोच, पाच विरुद्ध पाच, एकमेकांचा किल्ला पाडायचा. माझी जीभ एकदाच अडखळली.
शेवटी कळलं की राखीवला कॅमेरा नसतो. टी-शर्टला इस्त्री मात्र छान बसली होती.
आणि हे महत्त्वाचं: पडद्याच्या कोपऱ्यात आकडा येतो. प्रेक्षक: १.
पत्ता जाहीर नसताना कोणीतरी शोधून आलं!

५ ऑक्टोबर
आजही तो होता. मी बोलायला लागायच्या आधीच हजर. मॅच संपली, मी चहा करून आले, तरी बसलेलाच. आजकाल अशी निष्ठा कुठे मिळते? त्याचं नाव ठेवलं आहे, श्रीयुत एक.
एक शब्द लिहीत नाही. लाजाळू असणार. किंवा अंथरुणाला खिळलेला. यापुढे प्रत्येक डावपेच त्याला उलगडून सांगायचा.

११ ऑक्टोबर
मिलुस्काचा अरेकिपाहून फोन. म्हणे, "आई, ते तुला फुकट राबवतायत." मी म्हटलं, राखीव टायर घेतल्याशिवाय कुठली बस आंदेसचा डोंगर चढते का? तर म्हणे, "टायर डिकीतच म्हातारा होतो, आई."
बापावर गेली आहे. भांडले नाही. फोन ठेवल्यावर थोडी एकटीच भांडले.
पोस्टरवर माझं नाव आलं. अगदी खाली, प्रायोजकांनंतर, नेलिदाच्या जागी 'नेल्सन'. रेन्सो म्हणाला, "छपाईची चूक, मावशी. पण आलं ना?" आलं. खरंच आलं.

१२ ऑक्टोबर
क्लोतिल्दे आली. आम्ही एका बाकावरच्या. आता ती मदर क्लोतिल्दे, त्याच शाळेत शिकवते. तिला मुलींसाठी आमच्या बारा जुन्या मशीन हव्या आहेत. "नेलिदा, धूळ खातायत गं, दे की!" म्हटलं, फायनल झाली की दुसऱ्या दिवशी ये. सात नंबरबद्दल बोलायचं राहून गेलं.
तिला श्रीयुत एकबद्दल सांगितलं. हसली नाही. म्हणाली, "मदर आसुन्ता म्हणायच्या ना, आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला पाहिजे. तिथे एकच मुलगी बसली असेल तरी." मी तेव्हा प्रार्थनेनंतरच्या सूचना वाचायची. लाकडी माइक होता, त्याला मेणाचा वास यायचा.

१८ ऑक्टोबर
मिरवणुकीमुळे रस्ते बंद. सगळं शहर जांभळं, मी माइकपाशी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मिरवणूक चुकवली. गल्लीतून बँडचा आवाज आला तेव्हा वाक्य अर्धं सुटलं. श्रीयुत एकची माफी मागितली. समजूतदार आहे, गेला नाही.

२२ ऑक्टोबर
रेन्सोशी बोलले. स्टेजवर कुठल्या बाजूची खुर्ची, म्हणजे केस त्याप्रमाणे बसवायला. त्याने "खुर्ची?" असं विचारलं. मग म्हणाला, "अहो मावशी, स्टेजवर कसला गोंगाट असतो! राखीवला शांतता हवी. तुम्ही घरूनच करा. आपण सगळे एक कुटुंब आहोत ना?"
बरोबरच आहे. गर्दीत आवाज दबतो.
केस बसवून आले होते. असू दे, रविवारी चर्चला उपयोगी पडतील.

२६ ऑक्टोबर, रविवार. दुपारी चारला फायनल.
सगळं लिहून ठेवायचं आहे.
इकितोस विरुद्ध काय्याओ. तिसऱ्या डावात इकितोसच्या पोरांचा एकच दरवाजा उरला होता आणि तेवढ्यात पुमाचा माइक गेला. मुख्य वाहिनी एकदम मुकी. मी ताठ बसले. ज्या क्षणासाठी महिनाभर आलं प्यायले, तो हाच.
रेन्सोला मेसेज: मी तयार आहे. दोन निळ्या खुणा आल्या. वाचला त्याने.
मुख्य वाहिनीवर गाणं लागलं. मग शीतपेयाची जाहिरात. मग पुन्हा तेच गाणं.
अकरा मिनिटं. त्या अकरा मिनिटांत इकितोसच्या पोरांनी एका दरवाजाच्या बळावर हरलेला डाव फिरवला, आणि जगात ते सांगणारी मी एकटी होते. इतकं चांगलं मी कधीच बोलले नव्हते. कॅफेतसुद्धा नाही, तेओफिलो सात नंबरवरून वळून बघायचा तेव्हासुद्धा नाही. शेवटी म्हटलं, श्रीयुत एक, तुम्ही होतात म्हणून हा डाव वाया गेला नाही.
पुमाचा माइक सुरू झाला. तो म्हणाला, "माफ करा मित्रांनो, काही खास चुकलं नाही ना?"
रेन्सोच्या लक्षातून गेलं असेल. केवढी धावपळ असते. पण श्रीयुत एकने सगळं ऐकलं.

२७ ऑक्टोबर, सोमवार
सकाळी क्लोतिल्दे दोन शिक्षिकांना घेऊन आली. डब्यात तुरोनची मिठाई. मी लॅपटॉपवर कालचं रेकॉर्डिंग नीट साठलं का ते बघत होते. कोपऱ्यात नेहमीप्रमाणे १.
पुढच्या खोलीतून क्लोतिल्देने हाक मारली, "नेलिदा, ही सात नंबरची चालूच आहे गं. हिच्यावर तुझीच वाहिनी लावलेली दिसते. काढू का?"
काढ म्हटलं.
कोपऱ्यात ० आलं.
बराच वेळ तो आकडा बघत बसले. क्लोतिल्दे दारात आली, तिने माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. वायर परत जोडून गेली. अकराच मशीन नेल्या.

२८ ऑक्टोबर
तेओफिलोच्या खुर्चीत बसून सात नंबरवर ती अकरा मिनिटं लावली. या वेळी आवाज मोठा केला. रिकाम्या खोलीत घुमला. प्रत्येक शब्द भिंतीपर्यंत पोचतो. मदर आसुन्तांनी पूर्ण गुण दिले असते. शेवटच्या बाकावर मी होते.
दुपारी रेन्सोचा मेसेज: "मावशी, डिसेंबरात उन्हाळा लागला की उन्हाळी चषक. राखीव लागेल. तुमच्यावरच भिस्त."
हो कळवलं.
आलं संपलं आहे. आणायला हवं.