आईच्या पॅनकार्डवरचं सायन्स

७ एप्रिल
तिसरी नोकरी मिळाली. सकाळी कॉलेज (एमएस्सी फिजिक्स, पहिलं वर्ष), दुपारी जरीपटक्यातल्या क्लासमध्ये दहावीला सायन्स, संध्याकाळी गांधीबागेत कापडाच्या दुकानात ऑनलाइन ऑर्डरी, आणि आता रविवारी डिलिव्हरी.
लायब्ररीत रोशन म्हणाला, दोन ठिकाणी पगार असला का टॅक्स डबल लागते, तीन ठिकाणी तिप्पट. खात्री करायला अकरा रील्स पाहिल्या. नऊ रील्समध्ये तेच. म्हणजे अभ्यास झाला.
संकल्प : या घरात पैशाची अक्कल असलेला माणूस एकच आहे. त्याने आता जबाबदारी घ्यायची.

८ एप्रिल
स्ट्रॅटेजी तयार. सगळं उत्पन्न एका नावावर ठेवायचंच नाही. क्लासची फी सगळ्यात मोठी, महिना बारा हजार. ती आईच्या पॅनवर आणि आईच्याच खात्यात. बँकेत खातं उघडताना काढलेलं कार्ड, तेव्हापासून नुसतं पडून आहे.
आई मशीनवर ब्लाउज शिवत होती. बाबा गेल्यापासून घर त्या मशीनवरच चालतं. काहून पाहिजे, एवढंच तिने विचारलं. म्हटलं, प्लॅनिंग. तिने डब्यातून कार्ड काढलं, पदराने पुसलं आणि दिलं.

९ एप्रिल
क्लासचे अकाउंटंट दत्तोपंत चष्म्यावरून बघत म्हणाले, शिकवशीन तू अन् पैसे प्रेमिलाबाईले? तुह्या मायले इचारलं का? म्हटलं, आई फक्त कागदावर. जुन्या लोकांना फायनान्स कळत नाही.

५ मे
पहिली फी. बारा हजारांचे दहा हजार आठशेच आले. दत्तोपंत म्हणाले, दहा टक्के टीडीएस कापला. जरा धक्का बसला. पण माझ्या पॅनवर असती तर तिप्पट कापला असता. म्हणजे दोन हजार चारशे वाचले. त्या आनंदात रोशनला तर्री-पोहे खिलवले.

१९ ऑगस्ट
लायब्ररीत आता मला टॅक्सबद्दल विचारायला लोक येतात. चौघांना विभागणी समजावली. दुर्गेश म्हणाला, भाऊ, वर्षाचे चार लाख होईपर्यंत टॅक्सच नाही ना? त्याला म्हटलं, ते मोठ्या माणसांसाठी, विद्यार्थ्यांचं वेगळं असतं. वेगळं म्हणजे कसं ते वाचायचं राहिलंय. रविवारी वाचतो.

२४ ऑगस्ट, रविवार
डिलिव्हरी. पुढच्या रविवारी नक्की.

१२ जानेवारी
उद्या क्लासमध्ये प्रकाशाचं अपवर्तन. घरी मोठ्याने तीनदा तयारी केली. आई मशीन थांबवून ऐकत होती. म्हणाली, म्हणजे उजेड पाण्यात गेला का वाकते? म्हटलं, आई, हे तुझ्या कामाचं नाही. तू हूक लाव.

१९ जून
धाकट्या बहिणीचा, पायलचा, फार्मसीला नंबर लागला. फी आमच्या आवाक्यातली नाही, शिष्यवृत्तीवरच जमेल. त्यासाठी आईवडिलांचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असल्याचा दाखला हवा, बारा जुलैच्या आत. भावाची कमाई त्यात धरत नाहीत. आई वर्षाला एक लाख वीस हजारांचं शिवते. म्हणजे प्रश्नच नाही. पायलला सांगितलं, दाखल्याचं सगळं मी बघतो.

२३ जून, दुपार
दुकानात माल आला. दाखल्यासाठी तहसील कार्यालयात आई आणि पायलच गेल्या. मी फोनवर मार्गदर्शन करणार होतो. चार्जिंग संपलं.

२३ जून, संध्याकाळ
दाखला मिळाला नाही. आई म्हणाली, पुन्हा जा लागते, आणि भाकरी टाकायला बसली. पायलने बाहेर बोलावून सांगितलं. खिडकीवरच्या साहेबांनी आईचं पासबुक पाहिलं. दर महिन्याला दहा हजार आठशे, पुढे लिहिलेलं 'सायन्स फी'. कापलेला टीडीएस आणि शिवणकाम धरून बेरीज अडीच लाखांच्या वर. साहेबांनी विचारलं, बाई, तुम्ही सायन्स शिकवता? आई हो म्हणाली. शिक्षण किती? सातवी. मग त्यांनी शेजारच्या टेबलावरच्याला बोलावून घेतलं आणि विचारलं, काय शिकवता? आई म्हणाली, उजेड पाण्यात गेला का वाकते. दोघेही हसले. मागची रांग हसली.
पायल म्हणाली, तिले वाटलं, तुह्यं नाव सांगतलं त तुले पकडून नेतीन.
मी म्हणालो, सिस्टीमच खराब आहे. पायल आत निघून गेली.
जेवलो नाही. भूक होती.

२५ जून
रितिकाकडे गेलो. रोशनची मामेबहीण, इतवारीत एका सीएकडे काम शिकते. तिला पाच मिनिटं लागली. नोकऱ्या तीन असोत की तेरा, माणूस एक, पॅन एक, बेरीज एक, रिटर्न एक. काम ज्याने केलं, उत्पन्न त्याचंच. दुसऱ्याचं कार्ड दिल्याने ते बदलत नाही. माझी वर्षाची बेरीज दोन लाख अठ्ठावन्न हजार. टॅक्स शून्य. माझ्या पॅनवर कापला असता तर टीडीएससुद्धा रिटर्न भरून परत मिळाला असता.
विचारलं, मग मी वर्षभर वाचवलं काय? ती म्हणाली, तेच त मी शोधून राहिली.

२६ जून
आईला सांगणार होतो. तिच्याकडे गिऱ्हाईक बसलं होतं. उद्या.

२८ जून
घरी पाहुणा आला, त्यामुळे आईला सांगायचं राहिलं. (दुर्गेश. मीच बोलावला.)

३० जून
लाज वाटते. सकाळपासून दुसरं काही लिहायला सुचत नाही. पायल बोलत नाही, ताट मात्र वाढून ठेवते. हूक लाव म्हणालो होतो मी तिला. आईला. ते सारखं आठवतं.
रात्री आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मंग पकडत नाहीत ना तुले?

२ जुलै
दत्तोपंतांनी पत्र दिलं की शिकवणारा नागसेन (म्हणजे मी), प्रेमिलाबाई नव्हे. पॅनची दुरुस्तीही भरतो म्हणाले. 
आईला घेऊन त्याच खिडकीवर गेलो आणि सगळं सांगितलं. काचेमुळे मोठ्याने बोलावं लागतं, त्यामुळे रांगेनेही ऐकलं. साहेबांनी विचारलं, टॅक्स किती वाचत होता? म्हटलं, शून्य. ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. आईला म्हणाले, बसा बाई. मला म्हणाले, प्रतिज्ञापत्र करून आण.

१० जुलै
दाखला मिळाला. पायलने तो आईच्या हातून घेतला, माझ्या नाही. संध्याकाळी रितिकाने माझं रिटर्न भरून दिलं. तीन नोकऱ्या, एक बेरीज, टॅक्स शून्य.
घरी आई हूक लावत बसली होती. विचारलं, मंग एवढं करून किती वाचले गा? म्हटलं, काहीच नाही. तिने दोरा तोडला, पुन्हा सुईत ओवला. मग हळूच म्हणाली, पण ते उजेडाचं त मी बरोबर सांगतलं होतं ना?
हो म्हणालो. तिच्याकडे बघून म्हणता आलं नाही.