दीवची गाडी आणि खुंटीवरचं हेल्मेट

उधना, सुरत
दि. ४ जानेवारी १९९८

ती. सुभद्राअक्का यांस,
अंजनाचा सप्रेम जयभीम. वि. वि. तुमचं पत्र आणि वाळवलेल्या मिरच्या, दोन्ही पोचलं. पत्र गोड होतं, मिरच्या नव्हत्या. लोकेशने पहिल्याच घासाला पाणी मागितलं आणि तुमच्या नावाने दोन शब्द काढले, ते लिहीत नाही.

बातमी अशी की मी सहलीला चालले. आमच्या महिला मंडळाची बस सव्वीस जानेवारीच्या सुट्टीत दीवला जाणार आहे. दीव म्हणजे बेट, चहूबाजूंनी पाणी. मी अठ्ठेचाळीस वर्षांत पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पुरातली तापी. मी आधी नाही म्हटलं होतं. पण शेजारच्या उषाबाईंनी माझं नाव लिहून टाकलं आणि वर सांगितलं की तू आलीस तर बसमध्ये कोणाशी भांडतेस ते बघायला मजा येईल. सामान उचलायला म्हणून लोकेशलाही घेतलं आहे.

दुसरी गोष्ट सांगू की नको असं झालंय. लोकेशला कामरेजच्या एका कारखान्यात नोकरी लागते आहे. आयटीआयचं शिक्षण कामी आलं. पण पहिली पाळी सकाळी सहाची, आणि त्या वेळेला पोचवील अशी बस इथून नाही. मोटारसायकल घ्यावी लागेल. मी नाही म्हटलं. ज्या रस्त्यावर यांना सोडून आले, त्याच रस्त्यावर रोज मुलगा पाठवू का? पंधरा फेब्रुवारीपर्यंत कारखान्याला उत्तर द्यायचं आहे. तोवर आमच्या घरात दोन माणसं आणि एक रेडिओ, त्यातला रेडिओच बोलतो.

बाकी माझं फॉल लावायचं काम चालू आहे. तब्येत ठीक. तुमची माया अशीच राहू द्या, मिरच्या थोड्या कमी तिखट चालतील.
तुमची,
अंजना


अमळनेर
दि. ११ जानेवारी १९९८

प्रिय अंजना हिस,
अक्काचा जयभीम आणि अनेक आशीर्वाद. पत्र वाचून इकडे सगळे हसले. तू आणि समुद्र! समुद्राला सांभाळून राहायला सांगते.

लोकेशने मलाही पत्र टाकलंय, तुला न सांगता. रागावू नकोस. आत्या, आईला समजाव, एवढंच चार वेळा लिहिलंय. पोरगं बावीस वर्षांचं झालं गं. भाऊला जाऊन येत्या फेब्रुवारीत तीन वर्षं होतील. माझाही पाठचा भाऊ होता तो, मला काय आठवण येत नाही? पण रस्ता सोडून माणूस कुठवर राहील? तू तर तेव्हापासून कुणाच्या स्कूटरवरसुद्धा बसली नाहीस. उधन्याच्या बाजारातून पोतं डोक्यावर आणतेस म्हणे.

भाऊचं हेल्मेट तू खुंटीला जपून ठेवलंयस ना, फडकं झाकून? तेच लोकेशला दे. बापाची वस्तू डोक्यावर असली की पोरगं हळू चालवील. मला तरी हा साधा उपाय वाटतो.

समुद्राचं पाणी तोंडात घालून बघ आणि खरंच खारट असतं का ते कळव. तुझ्या पत्राची वाट बघते.
तुझी,
सुभद्राअक्का


उधना, सुरत
दि. २९ जानेवारी १९९८

ती. अक्का यांस,
सप्रेम जयभीम. वि. वि. पाणी खारट आहे. इतकं खारट की मला आमटीत मीठ जास्त पडतं म्हणणाऱ्या लोकेशला मी तिथेच ओंजळभर प्यायला लावलं.

आता खरी गंमत. तुमच्या भावजयीने दीवच्या वाळूवर गाडी चालवली. आधी खाली बसा, मग पुढे वाचा.

नागवा नावाचा किनारा आहे. तिथे दोन-दोन फांद्यांची ताडासारखी झाडं आहेत, एका खोडाला दोन डोकी. तिथे कानजीकाका म्हणून एक पिकल्या मिशांचे गृहस्थ भेटले. लिस्बनला आयुष्य काढून परत आलेले, येताना तीन गाड्या आणल्या. मोटारसायकलसारखी दांडी, पण चाकं चार, आणि टायर असे फुगलेले जशी आमची उषाबाई रुसल्यावर. ए.टी.व्ही. म्हणतात तिला. तिच्यावर बसून वाळूतून, झाडांमधून, कोळ्यांच्या वस्तीपर्यंत बेट बघून यायचं. पुढे काका, मागे बाकीचे, रांगेने.

लोकेशचे डोळे चमकले. त्याने सगळ्या मंडळासमोर लहान पोरासारखं मला विचारलं, बसू का? मी नाही म्हटलं. एवढ्यावर थांबले असते तर बरं, पण मी काकांनाच शिकवायला लागले. उघडी चाकं किती वाईट, सैल कपडा कसा गुंततो, वाळू कशी घसरते. यांनी लूमवर मास्तरकी केली ना, कारखान्यात शिरणाऱ्या प्रत्येक बाईला आधी पदर खोचायला लावायचे, मग बोलायचे. तेच सगळं मी माझ्या नावावर खपवलं.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग गुजरातीत म्हणाले की बेन, तुम्हाला तर माझ्यापेक्षा जास्त कळतं. तुम्हीच आधी चालवा, तपासा आणि मग मुलाला नाही म्हणा. बायका टाळ्या वाजवायला लागल्या. माझ्याच तोंडाने मला अडकवलं, अक्का.

काका मात्र पक्के होते, ते कबूल करते. माझा पदर त्यांनी उषाबाईंकडून कमरेला घट्ट खोचवला, निऱ्या वर घेऊन पिना लावल्या. चपला काढून लोकेशचे बूट घालायला लावले, त्यात माझे पाय होडीत बसल्यासारखे बसले. एका गाडीवर एकच माणूस. पाय पायरीवरून खाली टेकवायचा नाही, चाकाखाली येतो. त्यांच्या चाकाच्या खुणेवरूनच जायचं, पाण्याच्या कडेला आणि वाळूच्या उतारावर जायचं नाही. आणि ही गाडी पळवायची कशी, तर उजव्या अंगठ्याने एक खटका दाबून. तिसाव्या वर्षापर्यंत मी ज्या अंगठ्याने रेशनच्या कागदावर ठसे उठवले, नंतर पुड्यांचे कागद वाचत वाचत अक्षरं शिकले तेव्हा ज्याला कायमची सुट्टी दिली, तोच अंगठा म्हातारपणी पुन्हा नोकरीला लागला.

मी गाडी चालवली म्हणजे किती, तर उषाबाई शेजारून पायी चालत माझ्याशी बोलत होत्या, आणि मधेच त्यांना माझ्यासाठी थांबावं लागत होतं. एक बकरी आम्हाला मागे टाकून गेली. काका दर वळणावर मागे बघायचे आणि घड्याळही बघायचे. शेवटी मी एका वाळूच्या ढिगाला हळूच जाऊन टेकले. काहीही झालं नाही. ढीगसुद्धा हलला नाही. पण समुद्र बघितला, अक्का. झाडांच्या मधून एकदम सगळा दिसला.

नंतर लोकेश बसला. मी हो म्हटलं. तो नीट गेला, नीट आला.

इथवर सगळ्यांना सांगण्यासारखं आहे. पुढचं फक्त तुमच्यासाठी.

काकांनी डोक्यावर हेल्मेट चढवलं तेव्हा आत एकदम अंधार आणि माझाच श्वास. मी रडले. बायकांना वाटलं भ्याले, म्हणून त्या आणखी हसल्या. मी हसू दिलं.

तुम्ही लिहिलंत, यांचं हेल्मेट लोकेशला दे. ते मी आठवण म्हणून खुंटीला ठेवलंय असं सगळ्यांना वाटतं. मीच वाटू दिलंय. खरं असं की ते रिळांनी भरलेलं आहे. साडीच्या फॉलला रंगारंगाची रिळं लागतात, ताटात ठेवली की गडगडतात. हेल्मेट गोल आणि खोल, म्हणून मी त्यात ठेवायला लागले. हे हसायचे, गरज पडली की ओतून घ्यायचे. त्या दिवशी शेठच्या साड्या संध्याकाळी द्यायच्या होत्या, मी रंग जुळवून सगळी रिळं ओळीने लावलेली. यांनी हेल्मेटला हात घातला, आत पाहिलं आणि परत खुंटीला लावलं. म्हणाले, “राहू दे, कामरेजपर्यंतच तर जायचंय.” मी पाहिलं होतं, अक्का. मशीन थांबवली नाही.

त्यानंतर त्यातलं एकही रीळ मी काढलेलं नाही. फडकं टाकलं ते रिळं झाकायला. दीवला मी ज्या तोंडाने काकांना सावधपणा शिकवत होते, त्याच तोंडाने तीन वर्षं गप्प आहे. लोकेशला यातलं माहीत नाही.

भाऊ तुमचा होता. त्याच्या पोराला त्या रस्त्यावर पाठवायला हो म्हणायचं की नाही, ते तुमचं उत्तर आल्यावर ठरवीन. तुम्ही पत्र पाठवलं नाहीत तरी मी समजेन. राग आला तर तो माझ्याकडेच राहू द्या, लोकेशवरची माया कमी करू नका.
अंजना


अमळनेर
दि. ७ फेब्रुवारी १९९८

प्रिय अंजना,
जयभीम. खोटं लिहिणार नाही. तुझं पत्र वाचलं आणि दोन दिवस मी तुझं नावसुद्धा घेतलं नाही. घरात विचारलं सगळ्यांनी, मी म्हटलं डोकं दुखतंय.

तिसऱ्या दिवशी पेरूवाला आला दारावर. पेरू पाहिले आणि एकदम आठवलं. भाऊने हेल्मेट नवीन घेतलं तेव्हा मला दाखवायला तो रेल्वेने घेऊन आला होता. मोटारसायकल सुरतला, हेल्मेट अमळनेरला! आणि त्यात काय होतं, तर स्टेशनवर घेतलेले पेरू. मी ते हेल्मेट धुऊन कुंपणावर वाळत घातलं होतं आणि म्हटलं होतं, कशाला हे खोकं, उन्हात डोकं शिजेल तुझं. तो म्हणाला, खरंय. हे मी म्हटलेलं मी तुला कधी सांगितलं नव्हतं. तर त्यात पहिल्यांदा रिळं तू घातली नाहीस, आधी पेरू त्याने घातले, आणि त्याला हसून मोकळी मी झाले.

ते डोक्यावर असतं तर भाऊ वाचला असता का, मला माहीत नाही. तुलाही नाही. कुणी सांगू शकणार नाही, म्हणून ते आपल्याला दोघींना असंच बाळगावं लागेल. तू एकटीने तीन वर्षं बाळगलंस, आता अर्धं इकडे पाठवलंस, पोचलं.

लोकेशला सगळं सांग. त्याला कळू दे हेल्मेट रिकामं का ठेवायचं ते. आणि हो म्हण.

यंदा भाऊच्या पुण्यानुमोदनाला मी येते आहे. चार दिवस राहीन. माझ्यासाठी ती बकरीची गोष्ट पुन्हा एकदा सांगशील, सगळ्यांसमोर.
तुझीच,
सुभद्राअक्का


उधना, सुरत
दि. ९ मार्च १९९८

ती. अक्का यांस,
सप्रेम जयभीम. वि. वि. तुम्ही गेल्यापासून घर मोठं वाटतं. बकरीची गोष्ट तुम्ही एवढ्या जणांना सांगितलीत की काल भाजीवालीनेही मला रस्त्यात थांबवलं, आधी बकरी जाऊ दे म्हणाली.

लोकेश दोन तारखेला कामावर रुजू झाला. तुम्ही असताना त्याला सांगितलं तेव्हा तो उठून बाहेर गेला होता, आठवतं ना. रुजू व्हायच्या दोन दिवस आधी आपणहून त्याने खुंटीवरून हेल्मेट काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. दोघांनी मिळून रिळं काढली. वरचे रंग उडाले आहेत, आतले तसेच. ते हेल्मेट त्याच्या डोक्याला फार मोठं होतं, डोळ्यांवर यायचं. यांचं डोकं केवढं होतं ते आपल्याला माहीतच आहे. त्याने स्वतःसाठी मापाचं नवीन घेतलं.

जुनं मला बसलं. म्हणजे जुन्या साडीच्या पदराची घडी करून आत घातली, मग बसलं. कालच्या रविवारी लोकेश मला कारखाना दाखवायला घेऊन गेला, मोटारसायकलवर मागे बसवून. साडी कमरेला खोचलेली, पाय पायरीवर, सगळं काकांच्या शिस्तीत. इतकं हळू चालवायला लावलं की बारडोलीकडे जाणारा उसाचा ट्रॅक्टर आम्हाला ओलांडून गेला आणि वरच्या माणसाने हात हलवला.

यांना सोडून आले ती जागा आली तेव्हा मी लोकेशला थांब म्हटलं. पण हेल्मेटमधून माझा आवाज त्याला ऐकूच गेला नाही, आणि तो तसाच पुढे गेला. मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

इकडे सगळं ठीक. तुमचा हात पाठीवर आहे तसाच असू द्या.
तुमची,
अंजना

ता. क. रिळं घरभर गडगडताहेत. गोल बुडाचं एखादं भांडं तुमच्याकडे पडून असेल तर येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवा. माझ्याकडचं कामाला लागलंय.