पाळीवरचा तिसरा दगड

मी, मोरेश्वर नथ्थू डोंगरवार, वय तेहतीस, धंदा शेती व गावतलावाची पाणकरी, राहणार मौजा खैरीटोला, तालुका नागभीड, जिल्हा चंद्रपूर, हे मृत्युपत्र नागपूरच्या दवाखान्यात खाटेवर बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. बिघाड छातीत आहे, तो डॉक्टरांनी मनगटातून नळी घालून मला पडद्यावर दाखवला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट माझी पत्नी दिव्यानी "कायले अभद्र लिहून राह्यले?" म्हणून पाठ फिरवून बसली आहे. मी नववीपर्यंत शिकलो. ज्या शब्दाच्या ऱ्हस्व-दीर्घाची शंका आली तो शब्द मी घेतलाच नाही. खाडाखोड झाली तिथे बाजूला सही केली आहे.

उद्या सकाळी माझ्या हृदयाचे मोठे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, बहुतेक लोक यातून बरे होऊन घरी जातात. तरी बहुतेक म्हणजे सगळे नव्हे, म्हणून हा कागद.

कलम १. घराचा माझा अर्धा हिस्सा व तलावाखालच्या माझ्या नावच्या सर्व बांध्या (धानाची बांध घातलेली वावरे) दिव्यानीला द्याव्या. आई सुगंधाबाई हिने हयातभर त्याच घरात, तिच्या त्याच खोलीत, उगवतीच्या दारासकट राहावे. दार लिहिले, कारण दाराबद्दल पुढे कोणी वाद काढू नये.

कलम २. पाणकरी ही विकता येणारी वस्तू नाही हे मला ठाऊक आहे. पण हा कागद कोर्टात गेला तर साहेबांना समजावे म्हणून लिहितो. आमच्या तलावाच्या पाळीला (मातीच्या बांधाला) आतून दगडी तोंड आहे. त्याला तुडूम म्हणतात. तुडुमाला एकाखाली एक भोके, आणि भोकांत सागाचे डट्टे. पाणकर पाण्यात बुडी मारून मोगरीने (लाकडी हातोड्याने) डट्टा सैल करतो, ओढून काढतो, मग पाणी पाटाने बांध्यांत जाते. किती काढायचे, कोणाला आधी द्यायचे, हे पाणकर ठरवतो. माझ्या आजोबांनी, बुधूजींनी हे काम केले. वडिलांनी केले. मी करतो. आमच्या तिघांच्या काळात पाटाच्या शेवटची बांधी कधी कोरडी राहिली नाही. पहिले पाणी आम्ही शेपटाला देतो, तोंडाशी असलेले आपोआप ओले होतात. आमची स्वतःची बांधी तोंडाशी आहे, आणि ती नेहमी सगळ्यांच्या शेवटी भिजली. हे मी फुशारकीने लिहीत आहे. फुशारकीसारखेच ते आहे.

कलम ३. आता दगडांबद्दल. पाळीवर पाण्याच्या देवीचे, आसरामायचे ठाणे आहे. तिच्या शेजारी दोन शेंदूर लावलेले दगड आहेत, एक आजोबांचा, एक वडिलांचा. दोघेही चाळिशीतच, पाळीवर काम करता करता छातीला हात लावून पडले. गाव म्हणते, डोंगरवाराचा पाणकर खाटेवर मरत नाही, माय त्याला पाळीवरून नेते. ज्याला न्यायचे त्याच्या पापण्यांवर ती आधीच हळद लावून ठेवते. आजोबांच्या पापण्यांवर नाकाच्या बाजूने पिवळट चट्टे होते. वडिलांच्या होते. माझ्या आहेत. माझा धाकटा भाऊ अंकुश याच्याही आले आहेत. लहानपणी मी आरशात रोज पाहायचो, आले का, आले का. आले तेव्हा आईने पुरणपोळी केली होती, आणि चुलीपुढे बसून रडली होती. धुरामुळे, असे म्हणाली.

पोळ्यानंतरच्या आठवड्यात मी डट्टा काढून वर आलो आणि छातीवर कोणी धानाचे पोते ठेवावे तसे झाले. कळ डाव्या हातात उतरली, जबड्यात चढली. अंगाला घाम. कोणी म्हणाले गॅस आहे, ओवा द्या. कोणी सुपारीचा खर्रा घोटून तोंडापुढे धरला. गावातले ज्येष्ठ बापूराव काठी टेकत आले आणि ओरडले, "कोनी हात लावू नका गा! मायनं बोलावलं त्याले."

दिव्यानी शेतातून धावत आली होती. ती म्हणाली, "मामाजी, मायले सांगा, पुढच्या जन्मी ने म्हणा. या जन्मी मी नेऊन राह्यली."

"बाईच्या जातीनं मानाचं मरण मोडलं!"

"मानाचं मरण तुमी घ्या ना बाप्पा. पाळ इथीच हाय."

तिने गावच्या आशा कार्यकर्त्या इंदुताईंना फोन लावला, गाडी बोलावली, मला आडवे घातले. तालुक्याच्या दवाखान्यात छातीची पट्टी (ईसीजी) काढली. तिथे गोळ्या चावायला दिल्या, रक्ताची गाठ विरघळवायचे इंजेक्शन दिले आणि नागपूरला पाठवले. तिथले डॉक्टर म्हणाले, ओवा घेऊन घरी थांबला असता तर इथे आलाच नसता.

तर सांगायचे हे. मी इथे असताना बापूरावांनी खाणीतून एक चांगला चपटा दगड आणून आसरामायपाशी टेकवून ठेवला, असे अंकुशने मोठ्या अभिमानाने फोनवर कळवले. तो दगड माझ्यासाठी आहे, म्हणून तो माझा आहे, म्हणून मी त्याची वाटणी करू शकतो. तो दगड दिव्यानीस द्यावा. तिने तो आमच्या विहिरीपाशी बसवून त्यावर कपडे धुवावे. माझ्या नावाने पाळीवर कोणताही दगड लावू नये, मी उद्या मेलो तरी. त्या मोकळ्या जागेत जांभूळ लावावे, म्हणजे पुढचा पाणकर सावलीत बसेल.

बापूरावांशी माझे भांडण नाही. त्यांचे माझ्यावर प्रेम आहे. फक्त ते प्रेम मी मेल्यावर जास्त वाढणार होते.

कलम ४. इथल्या डॉक्टरबाईंनी मला पहिल्यांदा विचारले, "वडील कितव्या वर्षी गेले? आजोबा?" मी सांगितले. पाळीवर, हेही सांगितले. त्यांनी पाळ लिहिली नाही, वय लिहिले. मग माझ्या डोळ्यांजवळ वाकून पापणीवर बोट ठेवले, टाचेमागची शीर चाचपली, तिथे गाठी लागल्या. म्हणाल्या, "ही चरबी आहे. तुमच्या रक्तात ती जन्मापासून जास्त आहे, वडिलांकडून आलेली. हृदयाला रक्त नेणाऱ्या नळ्यांत ती थरावर थर बसते. त्यात तंबाखू."

मी म्हणालो, "मी बिडी ओढत नाही."

"तोंडात काय आहे?"

खर्रा होता. आमच्याकडे ज्याची पाण्याची पाळी असते तो पाणकराला खर्रा देतो. नाकारला तर त्याला वाटते, हा आपल्याला पाणी कमी देणार. म्हणून पाणकर कोणाचाच नाकारत नाही. एवढ्या न्यायाने वागलो की तोंड कधी रिकामे राहिले नाही. सुपारी, तंबाखू, चुना. धूर नव्हता, म्हणून आम्ही त्याला तंबाखूत धरत नव्हतो. डॉक्टरबाई म्हणाल्या, नळ्या आवळायला आणि रक्ताची गाठ धरायला धुराची गरज नसते.

मला ते लगेच समजले. पाटात गाळ बसतो तेव्हा पाणी एकदम बंद होत नाही. आधी शेपटाची बांधी पिवळी पडते. माझ्या तीन मोठ्या नळ्यांत गाळ आहे. जाळीची नळी टाकून भागले असते तर टाकली असती, पण जागा वाईट आहेत. म्हणून पायातली शीर आणि छातीतली एक नळी घेऊन बंद जागेच्या बाजूने नवीन वाट करणार. त्यानंतरही गोळ्या जन्मभर, कारण जुना गाळ ज्या रक्तातून आला ते रक्त तेच राहते. मीठ-तेल कमी, खर्रा बंद, रोज चालणे. आणि बुडी नाही. हे शेवटचे ऐकून मी त्यांच्याशी थोडे भांडलो.

मग त्यांनी विचारले, "भाऊ आहे का?"

कलम ५. हे कलम सगळ्यात महत्त्वाचे आहे, म्हणून हळू लिहितो.

अंकुश नथ्थू डोंगरवार, वय सव्वीस, माझा सख्खा भाऊ. त्याचा दम माझ्याहून मोठा आहे. हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हणालो नाही, इथे म्हणतो. यंदाच्या पहिल्या पाण्याला तो बुडी मारून वर आला तेव्हा जबडा धरून बसला होता. "दाढ दुखून राह्यली," म्हणाला. ती दाढ नंतर कोणी पाहिली नाही. दिवाळीआधीचे शेवटचे पाणी आता त्याला काढायचे आहे. मी फोनवर सांगितले की आधी रक्त तपास, पट्टी काढ, मग उतर. तो म्हणाला, "भाऊ, डोळ्यावर हळद हाय म्हणून तं पाणी मले ऐकते. तू दवाखान्यात राहून भेकड झाला गा."

म्हणून असे ठरवतो. आजोबांची सागाची मोगरी, सर्व डट्टे व आमच्या घराचा पाणकरीचा मान अंकुशला द्यावा, पण त्याने रक्ताची व हृदयाची तपासणी केली, खर्रा सोडला आणि डॉक्टरांनी उतरायला हरकत नाही म्हटले तरच. नाही तर ते सर्व दिव्यानीने माझी मुलगी मयुरी मोठी होईपर्यंत सांभाळावे. मुलगी पाणकर होत नसते असे कोणी म्हटल्यास त्याला हा कागद दाखवावा. मयुरीचेही रक्त तपासावे, चट्टे यायची वाट पाहू नये.

अंकुश, तू मला भेकड म्हणालास. आपल्या घराचा मान मलाही तुझ्याएवढाच आहे. पण तो आपण पाळीवर मेलो म्हणून नाही. शेपटाची बांधी हिरवी राहिली म्हणून आहे. मेलेला पाणकर कोणाला पाणी देत नाही.

कलम ६. किरकोळ. मोटारसायकल दिव्यानीला, चालवायला इंदुताईंनी शिकवावी. माझ्या तेरवीला लोक ताटात खर्रा ठेवतील, मेलेल्याच्या आवडीचा म्हणून. ठेवू नये. भिजवलेले चणे ठेवावे. आवडत नाहीत, पण सवय करत आहे.

पुरवणी. (सही करण्याआधी, त्याच कागदावर.)

बाजूच्या खाटेवर गोंडपिपरीचे भैयाजी आहेत. ते तहसीलबाहेर दस्त लिहितात. त्यांच्या हृदयात परवा जाळी बसवली. त्यांनी कागद वाचून सांगितले की दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. झाला तर कागद टिकतो, पण त्याला दिलेले रद्द होते. म्हणून पहिले साक्षीदार भैयाजी आणि दुसऱ्या, मला भेटायला आलेल्या इंदुताई असे ठरले.

दुपारी अंकुश आला. मी समजलो भांडायला आला. त्याच्या कोपराच्या आत कापसाचा बोळा चिकटवलेला होता.

तो म्हणाला, माझा फोन ठेवल्यावर तो मोगरी घेऊन निघाला तेव्हा आई तुडुमाच्या पायरीवर जाऊन बसली होती. उठेना. म्हणाली, "दोन दगडायले मी पानी घालते. तिसरा आनून ठेवला तुमी. चौथ्याले घालाले मी जगत नाई." मग तो उतरला नाही. बापूरावांचा नातू उतरला, दंडाला दोर बांधून. त्याच्या डोळ्यांवर काही नाही, पापणीवर साधा फोडसुद्धा नाही. डट्टा निघाला. पाणी आले. पाटाकडे पाहत बापूराव नातवाला म्हणाले, "शेपटाले आधी दे गा."

इथे तपासलेल्या अंकुशच्या रक्तातही संध्याकाळी तेच निघाले. पट्टीत अजून काही नाही, पुढची तपासणी आठवड्यात आहे. गोळी आजपासून सुरू. खिशातली खर्ऱ्याची पुडी त्याने दिव्यानीच्या हातात दिली, ती तिने खिडकीबाहेर टाकली नाही, कचऱ्याच्या डब्यात टाकली, कारण दवाखान्याची पाटी तशी आहे.

मी त्याला सगळा कागद वाचून दाखवला. पाचवे कलम ऐकून तो भैयाजींकडे वळला.

"साक्षीदाराले काई भेटत नाई, बराबर ना?"

"नाई भेटत. त्याच्या नावचं तेवढं जाते."

"मंग दुसरा साक्षीदार मी."

मी म्हणालो, "अंकुश, मोगरी जाईल तुझी."

"कागदावरून नकोच मले. तू ये, पाळीवर उभा राह्य, अन् हातात दे. बुडी मी मारतो, वरून शिव्या तू दे. तेवढा दम तं डॉक्टर ठेवतीन ना तुह्यात?"

भैयाजींनी मला विचारले, चालेल का. दिव्यानीने तोंड या बाजूला वळवले होते.

तरी मी, पूर्ण समजून, हे होऊ देत आहे. पाचव्या कलमातले अंकुशला दिलेले रद्द होईल, हे मला मान्य आहे. ते मी जिवंतपणी माझ्या हाताने देईन. बाकी कागद कायम.

मृत्युपत्र करणार : मोरेश्वर नथ्थू डोंगरवार (सही)

आमच्यासमोर त्यांनी सही केली व त्यांच्यासमोर आम्ही केली :

१. भैयाजी, दस्तलेखक, राहणार गोंडपिपरी (सही)

२. अंकुश नथ्थू डोंगरवार, राहणार खैरीटोला. या कागदाने मला काहीही मिळू नये. (सही)

ठिकाण : नागपूर
दिनांक : १४ ऑक्टोबर २०२४